परदेशात घेतलेली नवी गाडी इंदूरच्या दारापर्यंत आणताना

दिवाळीला घरी आलेला मुलगा, पुतण्या किंवा जावई पोह्यांची बशी हातात घेऊन एकदा तरी म्हणतोच, "हीच गाडी तिकडे केवढी स्वस्त मिळते! एक पाठवूनच देतो." मग रामबागेत काय, तिलकनगरात काय आणि सुदामानगरात काय, घरोघरी पाउंडाचे रुपये करायला सुरुवात होते. माझ्या मामेभावाने ब्रिटनमध्ये बुक केलेली गाडी इथे आणताना इकडच्या बाजूचं सगळं काम मी केलं. तेव्हा जे कळलं आणि नंतर ओळखीतल्या आणखी दोन घरांच्या फायली पाहताना जे पक्कं झालं, ते पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. या कामातली अडचण आपल्याला दिसते ती बंदरात किंवा आरटीओत, पण तिचं मूळ बहुतेक वेळा परदेशातल्या शोरूममध्ये, पहिल्याच आठवड्यात पडलेलं असतं. बयाणा गेला की सुधारायला फारसं काही उरत नाही. म्हणून पैसे पाठवण्याआधीच्या दिवसांबद्दल मी जास्त लिहिलंय. हे दिवस घाईत काढू नका.

'नवी' गाडी कशाला म्हणायचं

शोरूममधून नुकतीच निघालेली, काटा शून्यावर असलेली गाडी आपल्या लेखी नवी. सरकारी आयात धोरणाची व्याख्या त्याहून कडक आहे. गाडी भारतात बनलेली किंवा जोडलेली नसावी, तुमच्याआधी ती कुणाला विकलेली किंवा वापरायला दिलेली नसावी, आणि इथे येण्यापूर्वी जगातल्या कोणत्याही देशात तिची नोंदणी झालेली नसावी.

या तिसऱ्या अटीवर माणसं अडकतात. ब्रिटनमध्ये शोरूमवाला किल्ली हातात देतो तेव्हा गाडीची तिथली नोंदणी सहसा झालेली असते आणि नंबर प्लेटही लागलेली असते. ओळखीतल्या एका घरी मुलाने हौसेने गाडी स्वतः चालवत बंदरापर्यंत नेली. शंभर-दीडशे मैलांचा प्रवास, चार दिवसांची नोंदणी. एवढ्यानं आपल्या कायद्याच्या नजरेत ती गाडी 'वापरलेली' ठरली. वापरलेल्या गाडीचं गणितच वेगळं. ती बनून तीन वर्षांहून जास्त झालेली चालत नाहीत, ती फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते, जहाजावर चढण्याआधी मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी दाखला लागतो, आयातीनंतर किमान पाच वर्षं ती रस्त्यावर चालण्याच्या स्थितीत राहील याची खात्री द्यावी लागते, आणि शुल्क नव्या गाडीपेक्षा जास्त बसतं. त्या घराने यातलं काहीच हिशेबात धरलेलं नव्हतं.

म्हणून बुकिंगच्या दिवशीच शोरूमकडून लेखी घ्या: गाडीची नोंदणी न करता ती निर्यातीसाठी विकली जातेय, आणि बंदरापर्यंत ती ट्रकवर जाईल. तोंडी "हो, हो" पुरत नाही. बरेच शोरूमवाले अशा विक्रीला तयारच होत नाहीत. मग दुसरा शोरूम शोधा, पण ही अट सोडू नका.

स्टिअरिंग, काटा आणि दिवे

दुबई, मस्कत, दोहा, रियाध, अमेरिका, कॅनडा, जर्मनी या सगळीकडे स्टिअरिंग डाव्या हाताला असतं. तिथून नेहमीच्या शोरूममधली गाडी उचलली तर ती आपल्याकडे आणता येत नाही, कारण आपला नियम उजव्या हाताच्या स्टिअरिंगचा आहे. आखातात नोकरी करणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं, कारण तोवर घरात गाडीचा रंगसुद्धा ठरलेला असतो. ब्रिटन, जपान, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, केनिया हे आपल्यासारखेच डावीकडून गाडी चालवणारे देश. शोध तिथून सुरू करा.

वेगाचा काटा ताशी किलोमीटरमध्ये हवा. ब्रिटनमध्ये गाड्यांचे काटे मैलांमध्ये असतात. आमच्या गाडीचा डिजिटल पडदा सेटिंगमध्ये जाऊन किलोमीटरवर आणता आला, पण मोठा छापील काटा असलेल्या गाडीत तबकडीच बदलावी लागते. मामेभावाला मी व्हिडिओ कॉलवर सेटिंग बदलायला लावलं आणि डॅशबोर्डवर किलोमीटरचा आकडा आलेला फोटो फाइलमध्ये लावला. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. तो ब्रिटन-जपानच्या गाड्यांत मुळातच तसा असतो, त्याची वेगळी चिंता नको.

हिशेब मांडा, आणि डॉलरमध्येही मांडा

आता खरा मुद्दा. तिकडची किंमत गुणिले विनिमय दर, हा हिशेब घरोघरी होतो आणि तो चुकीचा असतो. सीमाशुल्क गाडीच्या शोरूमच्या किमतीवर लागत नाही. ते लागतं गाडीची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर. तिला सगळे सीआयएफ म्हणतात.

सीआयएफ ४० हजार अमेरिकी डॉलरच्या वर गेली, किंवा इंजिन पेट्रोलचं ३००० सीसीहून आणि डिझेलचं २५०० सीसीहून मोठं असलं, तर गाडी वरच्या गटात जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून या गटावर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर, म्हणजे मिळून ११० टक्के बसतात. त्याखालच्या गटावर ७० टक्के. यानंतर किंमत अधिक शुल्क या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर तो ४० टक्के आहे. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के, आणि विजेवर चालणाऱ्या गाडीवर ५ टक्के. पूर्वी वर सेस लागायचा, तो गाड्यांवरून तेव्हाच गेला.

आकडे घालून पाहू. समजा सीआयएफ ४५ लाख रुपये आणि गाडी वरच्या गटातली. ७० टक्क्यांचे साडेएकतीस लाख, ४० टक्क्यांचे १८ लाख. बेरीज झाली साडेचौऱ्याण्णव लाख. त्यावर ४० टक्के आयजीएसटी म्हणजे ३७ लाख ८० हजार. एकूण १ कोटी ३२ लाख ३० हजार. बंदराचा खर्च, एजंटची फी, ट्रेलर आणि रोड टॅक्स अजून बाकीच आहे. वरच्या गटातली पेट्रोल गाडी जवळजवळ तिप्पट किमतीला पडते, खालच्या गटातली मोठी गाडी साधारण दोन पूर्णांक चार पट.

४० हजार डॉलरच्या त्या रेषेकडे मात्र नीट बघा. ३९ हजार डॉलर सीआयएफ असलेली गाडी साधारण ९३ हजार डॉलरला पडते. ४१ हजारांची पडते १ लाख २० हजार डॉलरच्या पुढे. मूळ फरक दोन हजार डॉलरचा, शेवटी तो सत्तावीस हजारांच्याही वर जातो. शोरूमची किंमत ३८ हजार आहे म्हणून निर्धास्त राहिलात आणि भाडं-विमा मिळून रेषा ओलांडली, तर एवढा फटका बसतो. एखादा महागडा ऍक्सेसरी पॅक काढून टाकल्याने लाखो रुपये वाचू शकतात, तेव्हा यादी घेऊन बसा आणि ओळीओळीने बघा.

भाडं आणि विम्याच्या पावत्या जपून ठेवा. त्या दाखवता आल्या नाहीत तर मूल्यांकनाच्या नियमांप्रमाणे कस्टम्स भाडं म्हणून जहाजावर चढलेल्या मालाच्या किमतीच्या २० टक्के आणि विमा म्हणून १.१२५ टक्के धरतं. खऱ्या भाड्यापेक्षा हा आकडा अनेकदा मोठा निघतो, आणि त्या फुगलेल्या आकड्यावर पुन्हा सगळं शुल्क चढतं.

ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात गाड्यांवरचं शुल्क कोट्याच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवायचं ठरलंय. हे वाचून बरेचजण उतावीळ होतात. पण कोटा मर्यादित असतो आणि गाडी तिकडेच बनल्याचं प्रमाणपत्र लागतं. तुम्हाला जो दर लागेल तो गाडी बुक केल्या दिवशीचा नसतो, बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा अर्ज, भरल्या दिवशीचा असतो, आणि ती जहाज येण्याआधीच भरली तर जहाज दाखल झाल्या दिवशीचा. सवलत गृहीत धरून घरातली एफडी मोडू नका.

माझं मत विचाराल तर, तेच मॉडेल इंदुरात किंवा मुंबईत कंपनीच्या शोरूममध्ये मिळत असेल तर तिथूनच घ्या. वाचत काही नाही, आणि वॉरंटी जाते. जी गाडी भारतात विकलीच जात नाही, किंवा घरातल्या दिव्यांग माणसासाठी खास बदल करून घेतलेली गाडी हवी आहे, तिथे ही सगळी धावपळ सार्थकी लागते. आमची गाडी अशीच होती. मामाला व्हीलचेअरसकट बसता येईल असा मागचा उतार तिला होता, आणि तो बघायला रामबागेतली अर्धी गल्ली आली होती.

चाचणीचा दाखला

परदेशातली गाडी आपल्या रस्त्यावर चालायला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ ची मानकं पाळणारी हवी. उत्सर्जनाचं मानक १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आहे. मॉडेलच्या तपासणीचा जो दाखला लागतो त्याला टाइप अप्रूव्हल म्हणतात, आणि बोलताना सगळे 'होमोलोगेशन' म्हणतात. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट या संस्था हे काम करतात.

आपल्या इंदूरकरांना पीथमपूरची नॅट्रॅक्स जवळची. २०२१ च्या जूनमध्ये सुरू झालेला तिथला ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक सगळ्यांनी बातम्यांत पाहिलाय. त्यामुळे "जवळच तर आहे, गाडी तिकडे नेऊन दाखवू" असं सहज बोललं जातं. असं होत नाही. चाचणी म्हणजे आधी अर्ज, निर्मात्याचे तांत्रिक तक्ते, फी आणि वेळ. एकट्या गाडीसाठी एवढं सगळं करणं सामान्य माणसाला परवडणारं नाही.

म्हणून निर्मात्याकडून किंवा शोरूमकडून दोन गोष्टी ईमेलवर मागा. या मॉडेलचा, याच इंजिनाचा टाइप अप्रूव्हल कागद तुम्ही गाडीबरोबर द्याल का? आणि गाडी कोणत्या उत्सर्जन मानकाची आहे हे लेटरहेडवर लिहून द्याल का? उत्तर आलं की ते आपल्या कस्टम्स एजंटला दाखवा आणि "या कागदावर माझी गाडी सुटेल का, आणि आरटीओत नोंद होईल का" हे त्याच्याकडून लेखी घ्या. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथेच थांबा. आमच्या भावकीत एकांनी इथे थांबायचं ठरवलं, आणि मला तरी तो शहाणपणाचा निर्णय वाटला.

एजंट आणि पैसे

कस्टम्स एजंटला बंदरावर सीएचए म्हणतात. गाडी बुक करण्याआधी तो ठरवा. इंदुरात सीएचए भरपूर आहेत, पण ते मुख्यतः कारखान्यांचा माल बघणारे. गाडी सोडवण्याचा अनुभव असलेला माणूस बहुधा न्हावा शेव्याला किंवा मुंबईत मिळतो. त्याला सरळ विचारा, "गेल्या वर्षभरात खासगी माणसाची गाडी सोडवलीत का?" पीथमपूरला आयसीडी, म्हणजे बंदरापासून दूर असलेला कस्टम्सचा कंटेनर डेपो, आहे म्हणून गाडीचा कंटेनर थेट इथे उतरवता येईल, असंही लोकांना वाटतं. पण नव्या गाड्या सरकारने ठरवून दिलेल्या ठिकाणांतूनच येऊ शकतात. आपल्याला सोयीचं न्हावा शेवा. स्वतःच्या वापरासाठी आणत असाल तर व्यापाऱ्यासारखा आयात-निर्यात कोड काढावा लागत नाही.

पैसे पाठवायला बँकेच्या परकीय चलन बघणाऱ्या शाखेत जा, कोपऱ्यावरच्या शाखेत नको. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे शोरूमने विक्रीआधी दिलेलं कच्चं बिल, दाखवा आणि हे पैसे गाडीच्या आयातीचे आहेत असं पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहा. 'घरच्यांच्या खर्चासाठी' किंवा 'भेट' असं लिहून पैसे पाठवू नका. पुढे बँक बिल ऑफ एंट्रीची प्रत मागते आणि तिथे मेळ बसला नाही की खुलासे करत बसावं लागतं.

नाव नीट लिहा

हा भाग छोटा आहे, पण आमच्या घरात सगळ्यात जास्त मनस्ताप याच एका गोष्टीने दिला.

आपलं मराठी नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पॅन कार्डावर तिन्ही असतात. ब्रिटनमधल्या शोरूमने इन्व्हॉइसवर नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं. जहाज कंपनीने बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर घेतल्याच्या तिच्या पावतीवर, आडनाव आधी घेतलं आणि वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर लिहिलं. एका माणसाची तीन कागदांवर तीन नावं झाली. जहाज बंदरात लागलं आणि सीएचएचा फोन आला, "काका, हे तिघं कोण आहेत?" बिल ऑफ लेडिंग दुरुस्त करून यायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस कंटेनर बंदरात पडून होता. बंदराचं भाडं वेगळं, कंटेनर परत न केल्याचं जहाज कंपनीचं भाडं वेगळं, आणि दोन्हींचं मीटर रोज चालू.

तेव्हा पॅन कार्डाचा फोटो शोरूमला आणि जहाज कंपनीला आधीच पाठवा आणि नाव अक्षरागणिक तसंच लिहायला सांगा. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा जहाज सुटण्याआधी मागवा. तो पॅन कार्डाशेजारी ठेवून मोठ्याने वाचा. चेसिस नंबरही असाच, सतरा अक्षरं-आकडे, एकेक करून. इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत तिथेच पकडायची.

जहाज

गाडी दोन प्रकारे येते. रोरो जहाजात ती चालवत आत नेतात, कंटेनरमध्ये बांधून बंद करतात. रोरो सहसा स्वस्त पडतं. एकच गाडी आणि तीही महागडी असेल तर मी कंटेनर सांगेन, कारण वाटेत तिला कोणी हात लावत नाही. चाकांपुढे लाकडी ठोकळे मारलेत आणि पट्टे ताणून बांधलेत याचे फोटो कंटेनर बंद व्हायच्या आधी मागवा. विमा घेताना कंटेनर उचलण्या-ठेवण्यातलं नुकसानही त्यात धरलंय ना, हे बघा.

टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवायला सांगा. डिकीत घरचं सामान भरू नका. चॉकलेटं, स्वेटर, बाळाची खेळणी, मिक्सर असं काही निघालं तर ती गाडीबरोबर आलेली, जाहीर न केलेली आयात ठरते, आणि दोन डब्यांच्या चॉकलेटांपायी पूर्ण गाडीची तपासणी लांबते.

बॅटरी महिनाभर पडून उतरते. आमच्या गाडीला रिमोट दाबून दाबून काही होईना. रिमोटच्याच पोटात एक बारीक लोखंडी किल्ली असते, दाराच्या कुलपासाठी. ती कुठे असते आणि कशी निघते याचा व्हिडिओ तिकडच्या माणसाकडून करून घ्या. दोन्ही रिमोट गाडीत ठेवू नका, एक कुरिअरने घरी मागवा.

बंदरात

बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायला हवी. उशीर झाला तर पहिल्या तीन दिवसांना रोज ५ हजार आणि त्यापुढे रोज १० हजार रुपये दंड. शुल्क थकलं तर वर वर्षाला १५ टक्के दराने व्याज. एवढी मोठी रक्कम बँकेतून एका दिवसात हलवायची असल्याने खात्याच्या मर्यादा आधीच वाढवून ठेवा. जहाज लागल्यावर एफडी मोडायला बँकेत धावणारी माणसं मी पाहिली आहेत.

सीएचएला इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, विमा, टाइप अप्रूव्हलचे कागद, पॅन आणि पैसे पाठवल्याचा बँकेचा पुरावा एकत्र द्या. अधिकारी गाडी प्रत्यक्ष पाहतात, चेसिस नंबर मिळवतात, काटा आणि स्टिअरिंग बघतात. शक्य असेल तर त्या दिवशी घरचं कुणीतरी न्हावा शेव्याला असावं. मी गेलो होतो. काटा किलोमीटरचा आहे हे दाखवायला बॅटरी लागत होती, आणि ती उतरलेली. माझ्या पिशवीत तो छापलेला फोटो होता. तो पुरेसा ठरला नाही, शेवटी दुसऱ्या गाडीला तार जोडून बॅटरी चालू केली, पण तोवर फोटो पाहून अधिकाऱ्यांनी थांबायची तयारी तरी दाखवली.

न्हावा शेवा ते इंदूर

गाडीला अजून नंबर नाही, म्हणून ती रस्त्यावर चालवायची नाही. ट्रेलर करा. पट्टे ओढून बांधणारा सपाट ट्रेलर चालतो, पण पावसाळ्यात बंद बॉडीचा बरा. वाट नेहमीची: भिवंडी, कसारा घाट, नाशिक, धुळे, शिरपूर, सेंधवा, मग खलघाटला नर्मदा ओलांडून धामनोद, मानपूर, महू, राऊ. ट्रेलरवाल्याला घाटात रात्री चालवू नका असं सांगा आणि त्याचे पैसे कापायची घाई करू नका. गाडी जुन्या वस्तीत उतरवायची असेल तर ट्रेलर गल्लीत वळत नाही. आम्ही ती बायपासजवळच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये उतरवली. आत्याने नारळ-लिंबू तिथेच नेलं.

ट्रेलर चढवण्याआधी आणि उतरवल्यावर चारी बाजूंचे फोटो काढा, एकाच कोनातून. ओरखडा आधीचा की वाटेतला, हा वाद फोटोवर मिटतो.

आरटीओ

इंदूरचा कोड एमपी ०९. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाण्याआधी विमा काढा. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. आयात गाडीचा पूर्ण विमा सगळ्या कंपन्या देत नाहीत, आणि देतात त्यांना गाडीची किंमत शुल्कासकट सांगा. फक्त तिकडचं बिल दाखवून विमा काढलात तर चोरी किंवा अपघात झाल्यावर शुल्काचे पैसे परत मिळत नाहीत.

फॉर्म २० हा नोंदणीचा अर्ज, फॉर्म २१ विक्रीचा दाखला, फॉर्म २२ गाडी रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं निर्मात्याचं पत्र. परदेशी शोरूम फॉर्म २१-२२ आपल्या नमुन्यात देत नाही. त्याऐवजी त्यांचं इन्व्हॉइस आणि निर्मात्याचं अनुरूपता प्रमाणपत्र चालेल का, हे आरटीओतल्या नोंदणी विभागात आधी जाऊन विचारा. यांच्याबरोबर कस्टम्सचा सुटका दाखला आणि बिल ऑफ एंट्री लागतेच. आयात चारचाकीची नोंदणी फी ५ हजार रुपये. जड भाग असतो तो रोड टॅक्सचा, आणि तो शुल्क धरून झालेल्या किमतीवर मोजला जातो. म्हणजे वरच्या उदाहरणातली गाडी आरटीओच्या लेखी ४५ लाखांची नसते. ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातली टॅक्सची सवलत तरी मिळेल का, असं दोघांनी मला विचारलं. ती मेळ्यात विकल्या गेलेल्या गाडीसाठी असते, आपल्या गाडीचा तिच्याशी संबंध नाही.

निरीक्षक गाडीच्या चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट घेतात: नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उमटतो. परदेशी गाडीत तो नंबर कुठे कोरलाय हे शोधण्यात वेळ जातो. आमच्या गाडीत तो पुढच्या सीटखालच्या गालिच्याला कापलेल्या छोट्या झडपेखाली होता. गाडीच्या पुस्तिकेतलं ते पान आधीच उघडून, खूण लावून न्या. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला जागा पटकन दाखवलीत की पुढचं कामही पटकन होतं.

कायमचे परत येणाऱ्यांसाठी

सलग दोन वर्षं बाहेर राहून कायमचे भारतात परतणाऱ्याला, तिकडे किमान वर्षभर स्वतःच्या ताब्यात असलेली एक गाडी आणता येते. 'नव्या' गाडीच्या अटी तिथे शिथिल होतात, पण शुल्क माफ होत नाही. घरसामानाला जी सवलत मिळते ती गाडीला लागू नाही. बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज होतो. तिकडची नोंदणी, विमा आणि पासपोर्टवरचे शिक्के यांच्या प्रती परतायच्या आधीच गोळा करा, नंतर त्या मिळत नाहीत.

गाडी दारात उभी राहिल्यावर

आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल असलेलं ई२० पेट्रोल मिळतं, ब्रिटनमध्ये नेहमीचं पेट्रोल ई१० आहे. गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ती किती इथेनॉल चालवून घेते हे लिहिलेलं असतं. खरेदीआधीच ते बघा. ई१० पर्यंतच चालणारी गाडी असेल तर रबरी नळ्या आणि सील यांबद्दल निर्मात्याला विचारा.

तिकडची वॉरंटी इथे चालत नाही असंच धरून चाला. पहिल्या वर्षात लागतील असे ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक पॅड आणि वायपर तिकडच्या माणसाकडून पुढच्या खेपेला मागवून ठेवा. टायरचा नंबर वेगळा असेल तर तो इंदुरात मिळतो का, हे सियागंजच्या दुकानात आधीच विचारून या.

आणि मूळ बिल ऑफ एंट्री, शुल्क भरल्याचं चलन, बिल ऑफ लेडिंग यांची एक वेगळी फाइल करा. तिच्या दोन प्रती स्कॅन करून एक तिकडच्या नातेवाइकाला पाठवा. गाडी विकायला काढाल तेव्हा घेणारा काटा बघण्याआधी ही फाइल मागतो. आमच्याकडे ती देवघराच्या खालच्या कप्प्यात, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवलेली आहे.